वेगवान जाळे आणि त्याचे सांधे

“एक हजार मेगाबिटचा स्विच बसवला, त्याच तोलाची केबल टाकली, ठेकेदाराचे बिलही वेळेवर चुकते केले, मग काम मुंगीच्या पावलाने का चालते?” हा प्रश्न आज गावोगावच्या पतसंस्थांत, दवाखान्यांत, शाळांत आणि छापखान्यांत विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्याऐवजी बहुधा एखादा माणूस शोधला जातो. खिडकीवर बसलेला कारकून मंद आहे, असे रांगेतील लोक म्हणतात, आणि रांग लांबली की साहेबही तसेच म्हणू लागतात. आमचे म्हणणे असे की, संगणकांच्या जाळ्याचा वेग त्यातील सर्वांत महाग यंत्रावर ठरत नाही. तो सर्वांत दुबळ्या सांध्यावर ठरतो. हा सांधा मोजून पाहता येतो. तो मोजण्यापूर्वी माणसाला दोष देणे हा अन्याय होय.

या विषयाकडे आम्ही वळलो ते काही यंत्रांच्या हौसेने नव्हे. एका कामगार पतसंस्थेत तिघा कारकुनांना दिरंगाईबद्दल मेमो मिळाले आणि त्यांची बाजू मांडण्याचे काम युनियनने आमच्याकडे दिले. संस्थेची इमारत नवी. तळमजल्यावर आठ खिडक्या, वरच्या मजल्यावर सर्व्हर. सभासदांचे कागद नव्याने स्कॅन करून वर पाठवण्याचे काम त्या दिवसांत चालू होते. मेमो मिळालेल्या तिघांच्या खिडक्यांवर निवृत्त कामगार येत. त्यांच्या फायली जाड. जुनी पासबुके, वारसांचे कागद, बदललेले पत्ते. साहजिकच रांग तेथेच सर्वांत लांब. व्यवस्थापनाने लिहिले, “यंत्रसामग्री नवी व उत्तम प्रतीची आहे, सबब विलंबास कर्मचारी जबाबदार आहेत.” या एका वाक्याला उत्तर द्यायचे तर ती यंत्रसामग्री समजून घेणे भाग होते. आम्ही पुस्तके मिळवली, एका जाणत्या तंत्रज्ञाला गुरू केले आणि क्रिम्पिंगचा चिमटा स्वतः हाती धरला. जे शिकलो ते येथे क्रमाने सांगतो.

प्रथम मापाची गोष्ट. जाळ्याचा वेग ‘बिट’मध्ये सांगतात आणि फाइलचा आकार ‘बाइट’मध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून सेकंदाला १०० मेगाबिट नेणारी लाइन फार तर साडेबारा मेगाबाइट नेते, आणि १,००० मेगाबिटची, म्हणजे एक गिगाबिटची, १२५ मेगाबाइट नेते. शेराचे माप सांगून पावशेराचे वजन घातल्यासारखे ज्यांना वाटते, त्यांची फसगत पुष्कळदा येथेच झालेली असते. विक्रेता खोटे बोललेला नसतो. आपण एकक विचारलेले नसते.

आज घरोघरी आणि कचेरीकचेरीत जे जाळे असते त्याला इथरनेट म्हणतात. ते १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून जन्मले. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १९८३ साली १० मेगाबिटचे सर्वमान्य प्रमाण ठरले. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचे, १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरून १,००० मेगाबिटचे आणि २००६ मध्ये तांब्यावरूनच १०,००० मेगाबिटचे. प्रमाण म्हणजे सर्व कारखानदारांनी मान्य केलेला करार. कोणत्या तारेवर कोणता संकेत, किती अंतरापर्यंत, किती घट सोसून न्यायचा, हे त्यात लिहिलेले असते. त्यामुळेच एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी बोलतो. ग्राहकाचे पहिले संरक्षण हा करारच आहे. वस्तू घेताना तिच्यावरील चित्र पाहू नये, ती कोणते प्रमाण पाळते ते विचारावे.

पण यात एक अडचण आहे. १०० मेगाबिटपासून पुढच्या तांब्याच्या पिढ्यांत आठ दातांचा प्लग दिसायला तोच राहिला. त्यामुळे जुनी केबल नव्या स्विचमध्ये खट्‌कन बसते, दिवा लागतो, आणि सर्व ठीक आहे असा समज होतो. बसली म्हणजे जुळली असे नव्हे.

आता केबलकडे वळू. केबल सोलली की आत आठ तारा दिसतात, आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नाही. शेजारच्या विजेच्या वायरीतून किंवा मोटारीतून येणारा उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांतील फरक तेवढा मोजते. सारखा पडलेला उपद्रव वजाबाकीत निघून जातो आणि संदेश उरतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तिचे पेटंट १८८१ साली घेतले. आजची वेगवान जाळी त्याच पिळावर उभी आहेत.

केबलच्या प्रती ठरलेल्या आहेत. कॅट-५ई या प्रतीवरून एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत जाते. कॅट-६ वरून दहा गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंतच भरवशाने जाते. कॅट-६ए वरून तेच १०० मीटर जाते. हे १०० मीटर म्हणजे भिंतीतील पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या सुट्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, असा हिशेब आहे. जुन्या इमारतीत आहे ती चांगली कॅट-५ई उगाच उपटू नये; खिडकीवरील कामाला एक गिगाबिट पुष्कळ होते. परंतु नवी भिंत बांधताना कॅट-६ए घालणे शहाणपणाचे, कारण केबलच्या किमतीतील फरकापेक्षा पुढे भिंत फोडण्याची मजुरी जड जाते.

यात एक फसवणूक चालते, ती ओळखली पाहिजे. काही स्वस्त केबलींत तार शुद्ध तांब्याची नसते. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. अशी तार ठरलेल्या प्रमाणात बसत नाही. तिचा विरोध तांब्यापेक्षा बराच जास्त, ती वाकवली की लवकर तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज पुरवली तर ती अधिक तापते. ओळखण्याची रीत सोपी आहे. चाकूने तार खरवडावी. आत पांढरी धातू दिसली तर मुलामा समजावा. शिवाय ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणून ३०५ मीटरची पेटी हातात हलकी लागली, तर विक्रेत्याला कारण विचारावे.

आमच्या पतसंस्थेत केबल मात्र उत्तम होती. दोष होता सांध्यात. तळमजल्यावरचा स्विच वरच्या मजल्याशी एकाच केबलने जोडलेला होता. स्विचवर त्या पोर्टचा दिवा पिवळा जळत होता. आमच्या गुरूने स्विचसोबत आलेली पुस्तिका उघडून दाखवली: त्या स्विचवर हिरवा दिवा एक हजार मेगाबिटसाठी, पिवळा शंभरासाठी. तो दिवा कित्येक महिने सर्वांच्या डोळ्यांदेखत साक्ष देत होता. पुस्तिका कोणी उघडलेली नव्हती. केबल तपासली तेव्हा भिंतीतील जॅकमध्ये सातव्या क्रमांकाची तार, पांढरी-तपकिरी, अर्धवट दाबलेली निघाली.

एका तारेने एवढे का व्हावे? याचे कारण प्रमाणातच आहे. शंभर मेगाबिटच्या रीतीला आठांपैकी चारच तारा लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. एक हजाराच्या रीतीला आठही लागतात. सातवी तार निकामी झाली की बहुतेक यंत्रे मुकाट्याने शंभरावर उतरतात. जाळे बंद पडत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. ते फक्त दहा पटींनी मंदावते.

आता हिशेब पाहा. तळमजल्यावर सोळा कॅमेरे होते आणि त्यांची चित्रे त्याच केबलने वर जात होती. प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तर ६४ मेगाबिट तेथेच खर्ची पडले. शंभरांतून उरले ३६. ते आठ खिडक्यांत वाटले तर वाट्याला साडेचार. एका निवृत्त सभासदाची स्कॅन केलेली फाइल २० मेगाबाइटची, म्हणजे १६० मेगाबिटची धरली, तर ती वर जायला पस्तीस सेकंदांहून अधिक लागतात, आणि तीही काही अडखळले नाही तर. तीच केबल एक हजारावर चालली असती तर प्रत्येक खिडकीच्या वाट्याला ११७ मेगाबिट आले असते आणि फाइल दीड सेकंदात गेली असती. जाड फायलींच्या खिडक्यांवरच रांग का लांबली, हे या अंकांनी सांगितले. कारकुनांच्या बोटांशी त्याचा काही संबंध नव्हता.

सांध्याचा आणखी एक रोग आहे, तो याहून फसवा. आठ तारांचा रंगक्रम ठरलेला आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रमात पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असे लावतात. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी विभागलेली आणि निळी तिच्या पोटात, हे नवख्याला विचित्र वाटते. म्हणून तो जोड्या ओळीने लावून टाकतो, दोन्ही टोकांना सारख्याच. दिवे लावून तपासणाऱ्या साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. पण यंत्राच्या लेखी जी जोडी, ती आता दोन वेगळ्या पिळांतल्या तारांची झालेली असते. पिळाचा लाभ गेला आणि वेग वाढताच संदेश बिघडू लागतात. तार सलग आहे एवढेच साधा टेस्टर सांगतो. ती वेग पेलेल की नाही, हे सांगणारे यंत्र वेगळे असते. ते महाग असते, पण भाड्यानेही मिळते. प्लग लावताना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये आणि केबल कोपऱ्यावर दुमडू नये, ही पथ्येही त्याच पिळाच्या रक्षणासाठी आहेत.

अंतर १०० मीटरच्या पुढे गेले, किंवा केबल एका इमारतीतून दुसरीत न्यायची असली, की तांबे सोडून काचेचा धागा, म्हणजे फायबर, घ्यावा. दोन इमारतींत फायबरच का? वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तर तांब्याच्या तारेतून तिचा धक्का दोन्हीकडची यंत्रे जाळतो. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्येही फरक असू शकतो. काच वीज वाहून नेत नाही. काचेतून दूरवर संदेश नेता येतील, हे चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ मध्ये मांडले. अडचण काचेची नसून काचेतील अशुद्धीची आहे, हे त्यांचे सांगणे. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी तशी शुद्ध काच करून दाखवली, आणि काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

फायबर दोन जातींचा. सिंगल-मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, मल्टी-मोडचा ५० मायक्रॉनचा, काही जुन्यांचा साडेबासष्टचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा गिगाबिटसाठी मल्टी-मोडची ओएम-३ ही प्रत ३०० मीटर आणि ओएम-४ ही ४०० मीटर चालते. सिंगल-मोड कित्येक किलोमीटर चालतो. स्विचमध्ये प्रकाश टाकणारे जे बोटभर मोड्यूल बसते, ते फायबरच्या जातीचेच हवे आणि दोन्ही टोकांचे मोड्यूल एकमेकांना जुळणारे हवेत. काही स्विच आपल्याच कंपनीचे मोड्यूल स्वीकारतात. म्हणून स्विच घेण्यापूर्वीच हे लेखी विचारून घ्यावे; नाहीतर घोडा घेतल्यावर लगामाला दुप्पट पैसे मोजावे लागतात.

फायबरची निवड म्हणजे प्रकाशाचा जमाखर्च आहे. घट डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे निम्मा प्रकाश गेला, दहा म्हणजे दहावा हिस्सा उरला. दोन शाखा ८ किलोमीटर अंतरावर आहेत असे समजू. दहा किलोमीटर पल्ल्याच्या दहा गिगाबिट मोड्यूलला वाटेत ६.२ डेसिबलपर्यंत घट चालते. ही आपली जमा. खर्चात धागा किलोमीटरला ०.३५ प्रमाणे २.८; वितळवून जोडलेले पाच सांधे प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.५, चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ प्रमाणे २.०. एकूण ५.३. शिल्लक ०.९. ही शिल्लक किती तोकडी आहे पाहा. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण बसला तरी ती संपू शकते. म्हणून कनेक्टर दर वेळी पुसून, भिंगाखाली पाहून मगच जोडावा, असा नियम आहे. निळा आणि हिरवा कनेक्टर एकमेकांत घालू नयेत. हिरव्याचे तोंड तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते, आणि दोन्ही बिघडतात.

जास्त म्हणजे चांगले, हा हिशेबही येथे चालत नाही. चाळीस किलोमीटरचे मोड्यूल आणून एकाच इमारतीत लावले तर प्रकाश इतका प्रखर पोहोचतो की घेणारे यंत्र बिघडू शकते. त्यासाठी वाटेत प्रकाश मंद करणारा तुकडा मुद्दाम घालावा लागतो. आणि एक सूचना जिवाची. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. जोडलेल्या फायबरच्या तोंडात कधी डोकावू नये. धागा कापताना उडालेल्या काचेच्या सुया डबीत गोळा कराव्यात. जेवणाच्या ठिकाणी त्या कामाचे कपडे नेऊ नयेत.

स्विच घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वर जाणारी वाट किती रुंद आहे. आठ खिडक्या एकेक गिगाबिटच्या आणि वरची वाटही एकच गिगाबिटची असेल, तर सगळ्यांची गाठ त्या एका दारात पडणार. ती वाट दहा गिगाबिटची घ्यावी. दुसरी, कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज द्यायची असेल तर वॅटची बेरीज करावी. २००३ च्या प्रमाणात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देई, २००९ च्या प्रमाणात ३०, आणि २०१८ च्या प्रमाणात ९० पर्यंत. पण सर्व पोर्ट मिळून किती द्यायचे याला निराळी मर्यादा असते, आणि ती बहुधा बारीक अक्षरांत असते. तिसरी, वेटाळे टाळण्याची सोय. कोणी चुकून एकाच केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये घातली तर सर्वांना उद्देशून निघालेला संदेश गोल फिरत राहतो, वाढत जातो, आणि क्षणात सारे जाळे ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली तोड काढली: स्विच आपसांत बोलून जास्तीची वाट स्वतःच बंद ठेवतात आणि मुख्य वाट तुटली तर ती उघडतात. फार स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते.

आता पतसंस्थेची हकीकत पुरी करतो. जॅक नव्याने बसवला, दिवा हिरवा झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिघांनी त्याच फायली दुपारी दोनपूर्वी संपवल्या. आम्ही वरील हिशेब कागदावर मांडून दिला. मेमो लेखी मागे घेतले गेले.

पण गोष्ट येथे संपत नाही. व्यवस्थापनाने लगेच दुसरा दोषी शोधला: केबल बसवणारा पोरगा. आम्ही त्याला गाठले. त्याला पॉइंटमागे पैसे मिळत. दिवसाला चाळीस पॉइंट पुरे केले तर मजुरी बरी सुटे. टेस्टर ठेकेदाराकडे एकच, तोही दुसऱ्या गावी. शेवटचे जॅक त्याने दिवेलागणीनंतर मोबाइलच्या उजेडात दाबले होते. तपासणीला वेळ नव्हता आणि तपासणीचे पैसेही नव्हते. ते दरपत्रकात कोणी धरलेच नव्हते. सांधा कच्चा राहिला तो त्या पोराच्या हातामुळे नव्हे. सांधा तपासण्याचे मोल कोणी दिले नव्हते, म्हणून तो कच्चा राहिला.

त्यानंतर त्या संस्थेच्या कामाच्या करारात चार कलमे आली, आणि ती इतरांनीही उचलावीत असे आम्ही सुचवतो. केबल शुद्ध तांब्याची आणि तिच्यावर प्रत छापलेली असावी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. प्रत्येक केबलचा वेग पेलण्याचा चाचणी अहवाल, लांबीसकट, संस्थेच्या दप्तरी यावा. तो आल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नये. आणि चाचणीची मजुरी दरपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहावी, म्हणजे ती करणाऱ्याच्या हाती पोहोचेल. पहिली तीन कलमे कोणीही हुशार इंजिनिअर सांगेल. चौथे लिहिले नाही तर पहिली तीन कागदावरच राहतात, हे आम्ही त्या सातव्या तारेपासून शिकलो.